तळं छोटं, आमिष मोठं!

सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर गोल्डन गेटवर फोटो सगळेच काढतात. आम्ही मात्र पहाटे पाचला चहाचा थर्मास घेऊन खडीच्या एका जुन्या खाणीवर गेलो… एका माशासाठी!

‘‘पाचला निघायचं. जाड जॅकेट घाल. आणि प्लीज, डिओ मारू नकोस.’’

शुक्रवारी रात्री साडेदहाला दादाने ही ऑर्डर दिली आणि तो झोपायला निघून गेला. मी बघतच राहिलो. तीन आठवड्यांच्या क्लायंट व्हिजिटमधला माझा हा एकुलता एक मोकळा वीकेण्ड! हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून थेट कॅलिफोर्नियात आलो होतो. सांता क्लारातल्या हॉटेलवरून मावसभावाकडे फ्रीमॉन्टला यायचं, वहिनीच्या हातचं जेवायचं आणि सकाळी दहापर्यंत लोळायचं, असा साधासोपा प्लॅन होता. वहिनीने भांडी डिशवॉशरमध्ये लावता लावता एवढंच सांगितलं, ‘‘जा भावोजी. सध्या तो कोणाला बरोबर नेत नाही. तुला नेतोय म्हणजे लकी आहेस.’’

‘सध्या’ या शब्दावर तिने जरा जोर दिला होता. ते मला नंतर कळलं.

फ्रीमॉन्टची ओळख करून द्यायला हवीच. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, सिलिकॉन व्हॅलीला खेटून असलेलं हे गाव. इथल्या लेक एलिझाबेथला संध्याकाळी चक्कर मारा. स्वेटर, साडी आणि खाली स्पोर्ट्स शूज अशा वेषातल्या आज्या आणि मफलरवाले आजोबा राऊंड मारताना दिसतील. आपण कमला नेहरू पार्कात आहोत की अमेरिकेत, असा प्रश्न पडतो. गावाच्या एका टोकाला नाइल्स नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या एसाने स्टुडिओसाठी चार्ली चॅप्लिनने १९१५ मध्ये ‘द ट्रॅम्प’ केला होता. आणि नाइल्सच्या जवळच आहेत क्वारी लेक्स. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे बांधली जात होती, तेव्हा तिच्यासाठी इथून खडी काढली गेली. नंतरही कित्येक वर्षं खोदकाम चालूच राहिलं. आता त्या खड्ड्यांत पाणी आहे आणि काठावर झाडं, बदकं, पिकनिकची बाकडी. बाजूने अलामेडा क्रीक वाहते, तिचं पाणी या तळ्यांतून जमिनीत मुरवतात आणि गावाला प्यायला वापरतात. म्हणजे नीट बघितलं तर तळं नाहीच, गावाची पाण्याची टाकी आहे.

खोक्यात काय आहे?

गाडीत मागच्या सीटवर एकच रॉड होता. आठ फुटी, जाडजूड, झाडू म्हणून वापरता येईल असा. आणि एक प्लॅस्टिकचा डबा. मी उत्सुकतेने डबा उघडला, तर आत मासे! वीतभर लांब, पाठीवर ठिपके, बाजूने गुलाबी पट्टा. हात लावल्यावर कळलं, रबराचे आहेत.

‘‘याला स्विमबेट म्हणतात,’’ दादा म्हणाला. ‘‘आठ इंची. हा हडलस्टन. ट्राउटची हुबेहूब कॉपी. वजन साधारण दीडशे ग्रॅम.’’

‘‘एवढ्या माशात माझं एका वेळचं जेवण होईल! याने मासा धरायचा?’’

‘‘लहान माशाला हे झेपतच नाही. म्हणून तर!’’

आता थोडं ज्ञान. (दादाने गाडीत दिलं, मी तुम्हाला फुकट देतो.) इथल्या तळ्यांतला सगळ्यात लाडका मासा म्हणजे लार्जमाउथ बास. नावातच आहे तसं अवाढव्य तोंड. जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. आपला जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, त्यालाही इंग्रजीत सी-बास म्हणतात. पण दोघांचं नातं फक्त नावापुरतं. हा गोड्या पाण्यातल्या सनफिश घराण्यातला. मूळचा अमेरिकेच्या पूर्वेकडचा. कॅलिफोर्नियात तो माणसाने आणून सोडला. म्हणजे तोही इथे बाहेरून आलेलाच, दादासारखा!

थंडीच्या दिवसांत इथल्या शहरी तळ्यांत टँकरने ट्राउट आणून सोडतात. लोकांनी पकडावे, घरी न्यावे, खावे म्हणून. लोकांआधी ते बासला सापडतात. हॅचरीत वाढलेला, बावळट, चरबीने भरलेला ट्राउट म्हणजे बाससाठी फुकटचं बुफे! दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हे ओळखलं. बास जर फूटभर ट्राउट गिळत असेल, तर आपण त्याला बोटाएवढं गांडूळ का दाखवतोय? १९८०-९० च्या सुमाराला गॅरेजमध्ये लाकूड तासून मोठमोठी आमिषं तयार व्हायला लागली. ॲलन कोल यांचा ‘एसी प्लग’ हा त्यातला गाजलेला. मग रबरी मासे आले, ‘कॅस्टेक’ आले, ‘हडलस्टन’ आले. मग जपान्यांनी या खेळात उडी घेतली आणि नागासारखी वळणं घेत पोहणारी, सांध्यांची आमिषं काढली. आज वीस डॉलरपासून काहीशे डॉलरपर्यंत भाव आहे. एका आमिषाचा! मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि डबा हळूच बंद केला.

शिकलेले मासे

तळ्यावर पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. मिशन पीकचा डोंगर नुसता काळा दिसत होता. हॉर्सशू लेकच्या काठावर आमच्या आधी चार जण हजर. एक वयस्कर काका घडीच्या खुर्चीवर बसून ट्राउटची वाट बघत होते. तीन कॉलेजची पोरं छोटे रबरी किडे टाकत होती. दादाने सगळ्यांना मान हलवून हाय केलं आणि मला कानात म्हणाला, ‘‘बघ, हाच प्रॉब्लेम आहे.’’

प्रॉब्लेम काय? तर ‘प्रेशर’. शहराच्या मधोमध असलेल्या तळ्यावर रोज कोणी ना कोणी गळ टाकून बसलेला असतो. बास बहुतेक जण पकडून सोडून देतात. मासा पुन्हा पाण्यात जातो, पण एक अनुभव घेऊन जातो. त्यातही गंमत अशी की काही मासे मुळातच चटकन गळाला लागतात आणि काही काहीही केल्या लागत नाहीत. इलिनॉयमधल्या रिज लेक नावाच्या तळ्यात १९७० च्या दशकात संशोधकांनी प्रत्येक बासला खूण करून, कोण किती वेळा पकडला जातो याची नोंद ठेवली. काही मासे परत परत सापडले, काही एकदाही नाही. मग त्यांच्या वेगवेगळ्या पिढ्या वाढवल्या. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आला : गळाला लागण्याचा स्वभाव चक्क आईबापांकडून येतो! याचा अर्थ, फार गर्दीच्या तळ्यात म्हातारा होईपर्यंत टिकलेला मासा म्हणजे खानदानी संशयी.

अशा माशाला बहुतेक जण लहान आमिषाने पटवायला बघतात. बारीक तंगूस, बारीक गळ, हळूच हलवायचं. ते चालतंही. त्या पोरांनी तासाभरात अर्ध्या-पाऊण किलोचे तीन मासे काढले. पण मोठ्या माशाने तसली हजारो रबरी गांडुळं पाहिलेली असतात. पोटासाठी दहा वेळा हलायचं की एकदाच दाबून खायचं, तर म्हातारा मासा दुसरं निवडतो. म्हणून स्विमबेट. दुर्मीळ वस्तू, मोठा घास.

आणि किंमत? रिकामे हात. दिवसेंदिवस.

दादाचं टाकणं बघण्यासारखं होतं. जोर नाही, झटका नाही. आमिष मागे लोंबकळत ठेवून अख्ख्या अंगाने हळूच पुढे सोडायचं. पाण्यावर पडायच्या क्षणी अंगठ्याने रील दाबायचं, म्हणजे धोंडा पडल्यासारखा आवाज होत नाही. मग थांबायचं. या रबरी माशांवर एक आकडा असतो, तो दहा सेकंदांत किती फूट बुडेल ते सांगतो. दादा ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचा, आणि मग अगदी सावकाश, कंटाळा येईल इतक्या सावकाश, गुंडाळायला लागायचा. तळ्याच्या मध्यावर नाही, काठाला समांतर. कारण फेब्रुवारीत अंड्यांनी जड झालेल्या माद्या खोल पाण्यातून काठाकडे यायला लागतात.

‘‘आत्तापर्यंत किती मिळाले?’’ मी सहज विचारलं.

‘‘शून्य.’’

‘‘या सीझनला?’’

‘‘एक्केचाळीस दिवसांत.’’

मी हसलो. तो हसला नाही. मग पाण्याकडे बघतच म्हणाला, ‘‘एक्केचाळीस दिवसांपूर्वी माझा जॉब गेला.’’

साठ दिवस

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे मित्र तिकडे आहेत, त्यामुळे हिशेब माहीत असेल. एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज भरला पाहिजे, नाहीतर दुसरं स्टेटस घ्यायचं, नाहीतर बॅगा भरायच्या. दादाला तिकडे अकरा वर्षं झालीत. मुलगा चौथीत आहे. एका सकाळी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि दुपारपर्यंत लॅपटॉप लॉक.

‘‘मालवणला माहीत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आईला सांगितलं नाही. तू पण बोलू नकोस.’’

माझी मावशी मालवणला एकटी असते. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्याने खिशातून एक छोटी वही काढून दाखवली. तारीख, वारा, ढग, पाण्याचं तापमान. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी भोपळा. तीन ठिकाणी फक्त ‘एफ’ लिहिलेलं.

‘‘एफ म्हणजे फॉलो. मासा आमिषाच्या मागे येतो, काठापर्यंत येतो, बघतो आणि वळून जातो. खात नाही.’’

‘‘म्हणजे फायनल राऊंडपर्यंत गेलास आणि रिजेक्ट?’’ मी बोलून गेलो आणि जीभ चावली. पण या वेळी तो खरंच हसला. म्हणाला, ‘‘एक्झॅक्टली. तीन झालेत तसेही. इकडेही तीन, तिकडेही तीन.’’

माझ्या हातात रॉड दिला. पहिल्याच फेकीत रीलवर दोरीचा असा गुंता झाला की सोडवायला वीस मिनिटं लागली. दहाव्या फेकीला खांदा भरून आला. मी म्हटलं, ‘‘ती पोरं मासे काढतायत बघ. तू पण लहान लाव की!’’

‘‘लहान मासे मला येतात काढता,’’ तो म्हणाला. ‘‘आजोबांबरोबर खाडीवर गरवायला जायचो तेव्हापासून येतात. आत्ता मला फक्त रोज सकाळी काहीतरी अवघड करायचंय. नाहीतर उठून लिंक्डइन बघत बसतो.’’

साडेआठच्या सुमाराला चौथा ‘एफ’ आला. मी प्रत्यक्ष पाहिला. रबरी ट्राउट काठापासून चार-पाच फुटांवर आला होता, आणि त्याच्या मागे पाणीच हलल्यासारखं वाटलं. मग त्या पाण्याला डोळा फुटला. हिरवी पाठ, बाजूने काळपट पट्टा, माझ्या मांडीएवढी जाडी. आमिष थांबलं तशी तीही थांबली. तीन सेकंद? चार? आणि मग अगदी शांतपणे, जराही घाई न करता, ती वळली आणि खोल पाण्यात निघून गेली. माझं हृदय कानात वाजत होतं. दादाने वही काढून ‘एफ’ लिहिलं.

घरी आलो, वहिनीने पोहे केले होते. जेवणानंतर मी नेटवर या वेडाच्या कथा वाचत बसलो. सॅन दिएगोजवळ एस्कॉन्डिडो गावाचं डिक्सन लेक म्हणून छोटं तळं आहे, गावच्याच नगरपालिकेचं. तिथे मॅक वीकली नावाच्या माणसाने मार्च २००६ मध्ये २५ पौंड १ औंसाची बास काढली. ११ किलोच्या वर! जगातला विक्रम होता २२ पौंड ४ औंस, तोही १९३२ पासूनचा, जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी यांचा. पण वीकलीचा गळ माशाच्या तोंडात नाही, अंगात बाहेरून लागला होता. त्याने विक्रमासाठी अर्जच केला नाही. सोडून दिली! त्या मादीच्या कल्ल्याखाली काळा ठिपका होता, त्यामुळे लोक तिला ओळखायचे. २००८ मध्ये ती मेलेली सापडली. पुढे २ जुलै २००९ ला जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी पेरींच्या विक्रमाची बरोबरी केली. आणि गंमत म्हणजे, त्याच बिवा सरोवरात बास हा परका, उपद्रवी मासा मानला जातो. पकडलेला परत पाण्यात सोडायला तिथे बंदी आहे. एकाच माशाचं एका गावात लाड, दुसऱ्या गावात हकालपट्टी. हे मी दादाला वाचून दाखवणार होतो. नाही दाखवलं.

रविवार

रविवारी मी स्वतःहून उठलो. आभाळ भरलेलं, बारीक वारा, पाण्यावर सुरकुत्या. दादा म्हणाला, ‘‘आज बरंय. पाणी आरशासारखं असलं की त्यांना खोटं लगेच कळतं.’’ खुर्चीवाले काका आजही होतेच. त्यांनी सांगितलं, दोन दिवसांपूर्वी ट्राउटचा टँकर येऊन गेलाय. दादाचे डोळे चमकले.

सात ते आठ, काही नाही. मी चहा पीत बसलो. आठ दहाला तो कालच्याच जागी आला. या वेळी त्याने एक वेगळी गोष्ट केली. काठावर उभा न राहता आठ-दहा पावलं मागे, गवतात गुडघ्यावर बसला आणि तिथून टाकलं. ‘‘काल तिने मला पाहिलं असणार,’’ एवढंच म्हणाला. आकडे मोजले. गुंडाळायला लागला.

झटका वगैरे काही नव्हता. दोरी नुसती जड झाली, ओला टॉवेल अडकावा तशी. दादा उठला, मागे वाकला आणि तो झाडूएवढा रॉड अर्धा गोल झाला. बास पाण्याबाहेर आली, म्हणजे यायला बघत होती, जडपणामुळे अर्धीच आली. तोंड उघडून डोकं झटकलं. त्या तोंडात माझी मूठ सहज गेली असती. खुर्चीवाले काका न सांगता जाळं घेऊन धावले. पोरंही आली. एक मिनिट? फार तर दीड. मग ती जाळ्यात होती.

दादाने आधी हात पाण्यात बुडवले. कोरड्या हाताने धरलं तर माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो. एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली. इतक्या जड माशाला नुसता जबड्याला धरून लटकवलं तर त्याला इजा होते. काट्यावर साडेआठ पौंड, म्हणजे जवळपास ३.९ किलो. काका म्हणाले, या काठावर इतकी मोठी त्यांनी दोनदाच पाहिलीय.

‘‘आईला दाखवतो,’’ दादा म्हणाला. मी त्याच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. मालवणला रात्रीचे पावणेदहा. मावशी चष्मा लावून स्क्रीनला नाक चिकटवून बघत होती. मासा बघून खूश! मोठा गोबरा दिसतोय, किती तुकड्या पडतील, कालवण करणार की तळणार, सगळं एका दमात विचारून झालं. तोवर दादाने वाकून मासा पाण्यात सोडला. ती क्षणभर तिथेच थांबली, कल्ले हलवले, आणि गेली.

फोनवर शांतता. मग मावशी म्हणाली, ‘‘सोडलंस? मगे धरलंस कित्याक?’’

आम्ही सगळे हसलो. काकांना आणि पोरांना एक शब्द कळला नव्हता, तेही हसले. हसता हसता मावशी म्हणाली, बरं, आता घरी जा, थंडी आहे, उद्या ऑफिस असेल ना?

मी फोन धरून उभा होतो. दादाचे हात अजून ओले होते. तो पँटला हात पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग त्याने माझ्याकडून फोन घेतला आणि तळ्याच्या कडेने चालत गेला. मी मुद्दाम मागे थांबलो. वाऱ्याने काही शब्द येत होते. ‘नाही आई’, ‘एक्केचाळीस नाही, आज बेचाळीस’, ‘तशी काळजी नाही गं’. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

‘‘काय म्हणाली?’’

‘‘आधी गप्प. मग विचारलं, ‘जेवतंस मां नीट?’’’

गाडीत बसल्यावर त्याने वही काढली. शेवटच्या रकान्यात ८.५ लिहिलं. घरी जाऊन आम्ही दोघं दुपारी चारपर्यंत झोपलो.

मी पुण्याला परतल्यावर त्याचा एक मेसेज आला. वहिनीचा स्वतःचा एच-१बी आहे, त्यामुळे साठावा दिवस उजाडायच्या आधी त्याने तिच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ साठी अर्ज भरला. राहता येईल, पण तूर्त काम करता येणार नाही. इंटरव्ह्यू चालू आहेत. मावशी आता रोज रात्री फोन करते आणि आधी माशाचं विचारते, मग नोकरीचं.

जायचं झालं तर…

क्वारी लेक्सचं प्रवेशद्वार फ्रीमॉन्टमध्ये इशरवुड वे या रस्त्यावर आहे. बार्ट ट्रेनने युनियन सिटी किंवा फ्रीमॉन्ट स्टेशनला उतरून टॅक्सी करा. वय १६ किंवा जास्त असेल तर कॅलिफोर्नियाचं फिशिंग लायसन्स लागतंच. पाहुण्यांसाठी एका दिवसाचंही मिळतं. शिवाय तिथल्या पार्क डिस्ट्रिक्टचं रोजचं परमिट वेगळं. मोठ्या बाससाठी फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. रॉड उधार मिळाला तर बघा, विकत घेऊ नका. आणि तीन तोंडांचे गळ असलेली आमिषं घेऊन परत येणार असाल, तर ती हॅण्डबॅगेत नको, चेक-इनमध्ये टाका. मी एक आणलंय. सध्या ते माझ्या ऑफिसच्या डेस्कवर मॉनिटरखाली पडलंय, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, ‘‘हे काय आहे यार?’’